फाटक नसलेलं अभयारण्य

म्हैसूरला स्थायिक झालेल्या मराठी घरांतून सुट्टीच्या तोंडावर एक वाद हमखास होतो. मुलं शाळेत कन्नड आणि इंग्रजीत रमलेली, मराठी काय ती आईशी, तीही जेवताना. त्यामुळे आईला वाटतं, यंदा तरी मुलांना आपल्याकडचं काही दाखवावं. बाबा म्हणतात, एवढ्या लांब कशाला? मंगळूरचा समुद्र काय वाईट आहे? माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी गेल्या नाताळात हा वाद आईने जिंकला आणि मंडळी मालवणला निघाली. म्हैसूरहून रात्रीच्या गाडीने बेळगाव, तिथून जीपने आंबोली घाट उतरून सावंतवाडी आणि पुढे मालवण. मी मुंबईहून कोकण रेल्वेने कुडाळला उतरून त्यांना गाठलं.

भाचा चौदा वर्षांचा, भाची दहाची. भाचीला शाळेत अभयारण्यावर प्रकल्प करायचा होता आणि मालवणला समुद्रातलं अभयारण्य आहे हे तिच्या आईने तिला आधीच सांगून ठेवलं होतं. अभयारण्य म्हणजे काय हे या मुलांना नवीन नाही. म्हैसूरपासून अर्ध्या तासावर, श्रीरंगपट्टणजवळ कावेरीच्या पात्रात रंगनतिट्टूची बेटं आहेत. पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या आग्रहावरून म्हैसूर संस्थानाने १९४० साली ती पक्ष्यांसाठी राखून ठेवली. २०२२ मध्ये त्यांना रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. तिथे फाटक आहे, तिकिटाची खिडकी आहे, खात्याची नाव आहे. नावाडी ठरलेल्या वाटेने नेतो, चित्रबलाकांची घरटी दाखवतो, खडकावर ऊन खात पडलेली मगर दाखवतो आणि परत आणून सोडतो. बघणारा बाहेरचा, बघितला जाणारा आतला, असा सरळ हिशेब.

मालवणच्या जेटीवर उभं राहून भाचीने विचारलं, “मावशी, फाटक कुठंय?”

समोर सिंधुदुर्गाची तटबंदी. किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांची गर्दी, एका बाजूला मासळीच्या टोपल्या, दुसऱ्या बाजूला स्कूबावाल्यांची लगबग, भेळ, शहाळी, टोप्या. कुठेही फाटक नाही. आणि तरीही ती उभी होती तिथून एखाद्या दांडग्या पोराने दगड भिरकावला असता तर तो अभयारण्याच्या अगदी गाभ्याजवळ पडला असता. मालवण सागरी अभयारण्याची अधिसूचना १३ एप्रिल १९८७ रोजी निघाली. महाराष्ट्रातलं हे पहिलं सागरी अभयारण्य. एकूण क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातलं जेमतेम सव्वातीन चौरस किलोमीटर गाभ्याचं. या गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पदमगड ही बेटं येतात आणि त्याची एक कड बंदरापासून अवघ्या पन्नास मीटरवर आहे. म्हणजे गावाचं अंगण आणि अभयारण्याचं देवघर यांच्यामध्ये भिंतसुद्धा नाही.

आपल्या देशात समुद्रातली राष्ट्रीय उद्यानं मोजकीच. कच्छच्या आखातातलं १९८२ चं, अंदमानात वांडूरचं १९८३ चं, तमिळनाडूत मन्नारच्या आखातातलं १९८६ चं. तिथे प्रवाळाची बेटं वस्तीपासून बरीच दूर आहेत. मालवणचं तसं नाही. इथे ज्या पाण्याला संरक्षण द्यायचं, त्याच पाण्यावर शेकडो चुली पेटतात.

त्या पाण्याखाली आहे तरी काय? किल्ल्याच्या पायथ्याशी आणि आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत. प्रवाळ म्हणजे दागिन्यातलं पोवळं एवढंच आपल्याला माहीत असतं. प्रत्यक्षात तो प्राणी आहे. मोहरीएवढ्या, फार तर वाटाण्याएवढ्या असंख्य जीवांची एकत्र वसाहत, आणि त्यांनी मिळून बांधलेलं चुन्याचं घर. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि घरमालकालाही खाऊ घालतं. पाणी फार तापलं की हा भाडेकरू निघून जातो, प्रवाळ पांढरे पडतात, आणि उष्मा लांबला तर मरतात. मालवणात गेल्या काही वर्षांत असे पांढरे पडलेले प्रवाळ संशोधकांनी नोंदवले आहेत.

अंदमानच्या फोटोंसारखे रंग मात्र इथे शोधू नका. कोकणातल्या नद्या पावसाळ्यात घाटावरची माती घेऊन समुद्रात येतात, पाणी गढूळ होतं आणि निवळायला वेळ लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस त्यातल्या त्यात बरे. भाच्याने प्रशिक्षकाचा हात धरून बुडी मारली, भाचीने तोंडाला काच लावून वरूनच पाहिलं. तो वर आला तो थेट माशांचे आकडे सांगत. ती मात्र बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तो दगड आहे असं वाटतं, पण त्याला तोंडं आहेत.” तिच्या प्रकल्पवहीत मी हे वाक्य तसंच ठेवायला सांगितलं.

बुडी न मारताही प्रवाळ दिसतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे ओहोटी लांबवर जाते, तेव्हा रॉक गार्डनच्या खडकांतल्या डबक्यांतून डोकावून पाहा. फक्त खडकावर पाय कुठे ठेवतो ते बघून ठेवा. जो गोळा तुम्हाला बसायला सोयीचा वाटतो, तो वाढायला कित्येक वर्षं लागलेली असतात. आणि आठवण म्हणून एखादा तुकडा पिशवीत टाकायचा मोह होतो, त्याबद्दल एवढंच सांगते की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ज्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, त्याच अनुसूचीत कठीण प्रवाळही आहेत. मेलेला, वाळूवर पडलेला तुकडाही उचलू नये. कुणी विकायला आणला तर घेऊ नये.

किल्ल्याबद्दल नव्याने काय सांगायचं? १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी पायाभरणी केली, तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. पायाच्या चिऱ्यांत शिसं ओतलं. चहूबाजूंनी खारं पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर. चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात सिंधुदुर्ग आहे. माझी तक्रार एकच. किल्ला बघायला तासाभराची मुदत देऊन होडीवाले घाई करतात, आणि आपणही त्या तासातला निम्मा वेळ फोटोत घालवतो. तटावरून एक फेरी मारावी, खाली पाण्याकडे बघावं. पाण्याचा रंग जिथे गडद होतो, तिथे खडक आणि त्यावरचं सगळं गोकुळ असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दांडीच्या किनाऱ्यावर रापण पाहिली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती ठेवून होडी पाण्यात जाते, मोठं अर्धवर्तुळ घेत जाळं सोडत येते आणि दुसरा दोर काही अंतरावर किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा लागतात. बाप्ये, पोरं, म्हातारे, सगळे. पाय वाळूत रोवून, मागे रेलून, एका तालात ओढायचं. दोन्ही रांगा ओढता ओढता एकमेकींकडे सरकत येतात. शेवटच्या पंधरा मिनिटांत किनाऱ्यावर जी धावपळ होते, ती लग्नघरात वरात दाराशी आल्यावर होते तशी! त्या दिवशी तारली होती, थोडे बांगडे, मूठभर कोळंबी आणि पुष्कळसं शेवाळ. माझा भाचा दोर ओढून ओढून लाल झालेले तळहात सगळ्यांना दाखवत फिरत होता. मासळीचे वाटे पडले. होडी आणि जाळ्याचा वाटा वेगळा, ओढणाऱ्यांचा वेगळा. थोडा वाटा पोरांच्या हातावरही पडला.

रापण आटोपल्यावर एक वयस्क तांडेल जाळं झटकत बसले होते. भाचीने त्यांनाही फाटकाचं विचारलं. ते हसले. म्हणाले, “दर्याक कुंपण खंय घालतलास, बाये?” मग जरा थांबून माझ्याकडे बघत म्हणाले, “जाळा टाकू नको म्हणतत, तर आमी खावचा काय?”

त्यांच्या या प्रश्नात अडतीस वर्षांचा इतिहास आहे. १९८७ साली अभयारण्य जाहीर झालं तेव्हा मच्छीमारांना ते सरकारी कागदावरून कळलं. कुणी विचारलं नव्हतं. अभयारण्य म्हणजे जंगलासारखंच, आत शिकार बंद, हा त्यांनी काढलेला अर्थ चुकीचा म्हणता येणार नाही, कारण कायदा जंगलासाठीच लिहिलेला होता. गंमत पाहा. १९९१ साली याच कायद्यात दुरुस्ती झाली. समुद्राचा भाग अभयारण्यात घ्यायचा असेल तर स्थानिक मच्छीमारांच्या उपजीविकेचं रक्षण होईल अशी पुरेशी तजवीज आधी करावी, अशी अट त्यात आली. पण मालवणची अधिसूचना त्याच्या चार वर्षं आधीची! त्यामुळे विरोध झाला, मोर्चे निघाले, आणि प्रत्यक्षात ना मासेमारी थांबली ना अभयारण्य रद्द झालं. नकाशावर रेघा तशाच राहिल्या.

मला यात सगळ्यात खटकतं ते हे की, ज्यांच्या हातून समुद्राचं सर्वांत कमी नुकसान होतं, तेच अभयारण्याला सर्वांत जास्त घाबरून आहेत. रापण किनाऱ्याजवळच चालते, होडीला वल्ही मारायची, जाळं हातांनी ओढायचं. तिला मर्यादा माणसाच्या दंडांची. दुसरीकडे पर्ससीनचं जाळं. समुद्रात माशांचा थवा हेरायचा, त्याला जाळ्याने वेढायचं, आणि पिशवीची नाडी आवळावी तसं खालून आवळून अख्खा थवा यंत्राने वर काढायचा. बांगडा आणि तारली हे थव्याने फिरणारे मासे, म्हणजे रापणकराचं रोजचं अन्न. तो थवा किनाऱ्यापर्यंत पोचलाच नाही तर दोर ओढून हाती शेवाळच येणार. मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांनी यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली. राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर कडक निर्बंध घातले. पुढच्या वर्षी केंद्राने प्रखर दिवे लावून रात्री मासे ओढून घेण्याच्या पद्धतीवरही बंदी आणली. बंदी कागदावर आणि दिवे समुद्रात, अशी मच्छीमारांची तक्रार मात्र अजूनही ऐकू येते. म्हणजे राखणदाराचं काम हे लोक करतच होते. त्यांना त्या कामाला आधीच बोलावलं असतं तर कदाचित अभयारण्य या शब्दाचा धाक वाटला नसता.

पुढे शहाणपण आलं, असं म्हणायला जागा आहे. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने काही वर्षं एक प्रकल्प चालला. त्यात कुणाला हाकलण्याऐवजी जाळ्याकडे लक्ष दिलं गेलं. ट्रॉलरच्या जाळ्याचे आस साधारणपणे शंकरपाळ्याच्या आकाराचे असतात. जाळं ओढलं की ते ताणून मिटतात आणि बारीकसारीक पिल्लंही आत अडकतात. शेवटच्या पिशवीत चौकोनी आस वापरले तर ओढतानाही ते उघडे राहतात, पिल्लं निसटून जातात, पुढच्या हंगामात मोठी होऊन येतात. गृहिणीच्या पटकन लक्षात येईल अशी ही गोष्ट आहे. चाळण बदलली की काय खाली पडतं आणि काय वर राहतं, ते आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आता चित्र आणखी बदललं आहे. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, २०२१ मध्ये चिपीला विमानतळ झाला. आज मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात घरोघरी निवासाच्या खोल्या आहेत. ज्या घरात आम्ही उतरलो तिथल्या काकी सांगत होत्या, पूर्वी पहाटे लिलावाला जाऊन टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव हिंडावं लागे, आता गिऱ्हाईक अंगणात येतं. त्यांचा मुलगा पर्यटकांना बुडी मारायला नेतो. त्याचा आजा त्याच खडकांभोवती गळ टाकायचा. ही कमाई चांगली आहे आणि त्यात त्यांचा मान आहे. पण प्रवाळाला जाळ्याइतकाच पर्यटकही जड जाऊ शकतो. होडीचा नांगर प्रवाळावर पडला की एका फटक्यात पंचवीस वर्षांची वाढ जाते. शिकाऊ पाय तळाला टेकले, पाव फेकून मासे गोळा केले, सनस्क्रीनचा थर लावून लगेच पाण्यात उतरलं, हे सगळं थोडं थोडं साठत जातं. होड्या बांधायला पाण्यात कायमचे तरंगते बोये पुरेसे असले तर निम्मा प्रश्न सुटेल. तोवर गिऱ्हाइकाने विचारायला हरकत नाही, “नांगर कुठे टाकता?” दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्याच्या आधी उत्तर तयार असतं, हा माझा अनुभव आहे.

विचारायचा दुसरा प्रश्न जीवरक्षक जॅकेटचा. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची नाव उलटली आणि दोघांचा जीव गेला. वारा सुटला असेल, होडीत माणसं जास्त वाटत असतील, जॅकेट मागूनही मिळत नसेल, तर पैसे दिलेले असले तरी उतरून यावं. दमा, हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी बुडी मारायला जाऊच नये. ‘काही होत नाही हो’ असं म्हणणाऱ्याचं ऐकू नये.

ज्यांना समुद्रात उतरायचंच नाही, त्यांच्यासाठी वेंगुर्ल्याची मांडवी खाडी आहे. तिथे बचत गटाच्या बायका स्वतः वल्ही मारत पर्यटकांना कांदळवनातून फिरवून आणतात. माझ्या बहिणीला पूर्ण सहलीत सर्वांत आवडली ती हीच फेरी. कांदळाची मुळं वर का येतात, खेकडे कुठे राहतात, हे त्या ज्या ऐटीत सांगतात, ते ऐकूनच पैसे वसूल होतात.

जायचं कधी, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नाताळच्या आठवड्यात गर्दी फार, दर दुप्पट. जमल्यास जानेवारीचा मधला आठवडा पकडावा. मे महिन्यात आंबे-फणस मिळतात, पण उकाडा सोसण्याची तयारी हवी. नारळी पौर्णिमेला गेलात तर मालवणच्या बंदरात दर्याला सोन्याचा नारळ अर्पण करण्याची जुनी प्रथा बघायला मिळेल, आणि नारळ लढवणाऱ्या बायकांचा दंगाही. तेव्हा किल्ल्याला होडी मात्र मिळत नाही, पावसाळ्यात ती वाहतूक बंद असते.

खाण्याचं काकींनी सांगितलं तेच सांगते. हॉटेलात वीतभर सुरमई ताटात आली तर पुढच्या वेळी मागवू नका, ते पिल्लू असतं. बांगडा, तारली मागवा, स्वस्त आणि ताजी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, कारण ते माशांच्या विणीचे दिवस. त्या दोन महिन्यांत कुणी ‘आजची ताजी सुरमई’ म्हणून पुढे केली तर ती बर्फातली आहे असं खुशाल समजावं. काकींच्या घरी तेव्हा सुक्या बांगड्याची किसमूर होते, वर ओलं खोबरं, आणि सोबत पेज. त्या म्हणाल्या, “पावसात येवा, ताच खरा जेवाण.”